क्रूझवर पहिल्याच दिवशी टिप काढून टाका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

माझ्या मोठ्या जाऊबाई दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून क्रूझला जातायत, चार रात्रींची. त्यांना कुणीतरी एक लांबलचक मेसेज पाठवला, त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं "बरं झालं कळलं, गेल्या गेल्या काढून टाकू", आणि खाली लगेच चार अंगठे. दोन दिवसांत तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवरही आला म्हणजे बराच फिरतोय, म्हणून हे इथे लिहितेय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, मेसेज साधारण असा आहे: क्रूझवर रोज माणशी टिप आपोआप लावतात ती शुद्ध लूट आहे, ती फक्त भारतीयांकडून घेतात, सगळे पैसे कंपनी खाते, स्टाफला डॉलरमध्ये लाखांनी पगार असतोच, आपल्याकडे कोर्टाने सर्व्हिस चार्ज बेकायदा ठरवलाय तो निकाल दाखवा, मुलांची टिप लागत नाही, पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन सगळी टिप काढून टाका आणि रूम साफ करणाऱ्या मुलाला शेवटच्या दिवशी वीस डॉलर हातात द्या. आणि सगळ्यात खाली, तो मुलगा भारतीय निघाला तर त्याला सांगा आम्हीपण भारतीय आहोत, तो समजून घेतो.

मला सगळ्यात जास्त राग या शेवटच्या ओळीचा आलाय म्हणून तिथूनच सुरू करते. काय समजून घेतो तो? माझा मामेभाऊ म्हापशाचा, क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे, म्हणजे खोल्या साफ करणारा. गोव्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं, आणि वसई, रत्नागिरी, सिंधुदुर्गातूनही किती मुलं जातात. सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक) काढा, एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवरच्या सुरक्षेचे सक्तीचे) कोर्स करा, मेडिकल करा, घरातलं काहीतरी मोडून हे सगळं करून तो बोटीवर चढलाय. सात-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही. रोज सकाळी सगळ्या केबिन, संध्याकाळी परत त्याच केबिन, आणि ज्या दिवशी ट्रिप संपते त्या दिवशी सकाळी जुने प्रवासी उतरले की दुपारी नवे चढायच्या आत सगळ्या खोल्या चादरींपासून बाथरूमपर्यंत पुन्हा नव्या करून ठेवायच्या. त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मूळ पगार अगदी थोडा आहे, घरी जे पैसे येतात त्यातला मोठा भाग ही टिपच आहे. मग तो भारतीय आहे, आपल्या भाषेत बोलतो, हसून "काका पाणी ठेवू का" विचारतो, म्हणून त्याचेच पैसे कापायचे आणि वर त्याने ते समजून घ्यायचं? आपला माणूस भेटला तर आपण त्याला दोन पैसे जास्त देतो की कमी?

आता "स्टाफला डॉलरमध्ये लाखांनी पगार". बोटीवर काम करणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 चा. तो 2013 पासून लागू आहे आणि भारताने 2015 मध्ये त्याला मान्यता दिलीय. त्याच्या नियमांनी माणसाकडून 24 तासांत जास्तीत जास्त 14 तास आणि सात दिवसांत 72 तास काम करून घेता येतं (किंवा दुसरी पद्धत, दिवसाला निदान 10 तास आणि आठवड्याला 77 तास विश्रांती). म्हणजे कामगारांच्या बाजूने केलेल्या करारातली मर्यादाच आठवड्याला 72 तास आहे, यावरून कामाची कल्पना करा. पगाराचं म्हणाल तर याच व्यवस्थेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची समिती अनुभवी खलाशासाठी किमान मूळ पगाराचा आकडा ठरवते, तो 2025 साठी महिन्याला 673 डॉलर होता. डॉलर 88 रुपये धरला तर साठ हजारांच्याही आत. आणि हा आकडा डेकवरच्या खलाशाचा, वेटर आणि केबिनवाल्यांसाठी तसा आकडा त्यात ठरलेला नाही. बोटींची नोंदणी आणि झेंडा असतो बहामाज, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांचा, त्यामुळे कंपनीचं ऑफिस मायामीत असलं तरी अमेरिकेचं किमान वेतन या मुलांना लागू होत नाही. हे लाखांचे पगार कुठल्या कागदावर बघितले ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.

"सगळे पैसे कंपनी खाते" यात अर्धवट तथ्य आहे आणि ते मला कबूल करावं लागतंय. कंपन्यांनी स्टाफच्या पगाराचा बोजा हळूहळू प्रवाशाच्या बिलावर ढकललाय हे खरंच आहे, त्यामुळे जाहिरातीत भाडं कमी दिसतं आणि उरलेलं नंतर कळतं. 2012 मध्ये गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने पी अँड ओ क्रूझेस या तिथल्या कंपनीबद्दल बातमी दिली होती, तासाला 75 पेन्स इतक्या कमी मूळ पगारावर माणसं होती आणि टिपच्या जागी येणारा बोनस प्रवाशांनी दिलेल्या गुणांवर टांगलेला होता. तेव्हा कंपन्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण यावरून "म्हणून टिप काढून टाका" कसं निघतं? टिप काढली की कंपनीचं भाडं कमी होत नाही, तिकिटाचे पैसे तिने कधीच घेतलेत. कमी होते ती स्टाफमध्ये वाटायची रक्कम. काही कंपन्या किमान रकमेची हमी देतात आणि तेवढ्यापर्यंत भरून काढतात, त्यावरचं गेलं ते गेलं. कंपनीवर राग आहे तर कंपनीला लिहा, बुकिंग करू नका, पण तिथे जाऊन खायचं प्यायचं आणि शिक्षा टॉयलेट घासणाऱ्याला, हे कुठलं?

आणि हे पैसे फक्त रूमवाल्याचे नसतात हे मेसेजमध्ये आलेलंच नाही. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी स्वतः सांगते की रोजची रक्कम डायनिंग, बार, किचन, केबिन आणि हॉटेल विभागातल्या इतर लोकांत वाटली जाते. भांडी घासणारा, चादरी धुणारा, बुफेच्या मागे उभा राहणारा, यांचं तोंडही आपल्याला दिसत नाही. एकाच्या हातात वीस डॉलर ठेवले तर बाकीच्यांचं काय? शिवाय बऱ्याच कंपन्यांत नियम असा आहे की प्रवाशाने आपोआप लागणारी टिप काढली असेल तर त्याने हातात दिलेली कॅशसुद्धा स्टाफने कॉमन पूलमध्ये जमा करायची. म्हणजे ज्याला आपण खूश केलं असं समजतोय त्याच्याकडे ते वीस डॉलर राहतीलच असंही नाही. रोजची टिप तशीच ठेवून वर कुणाला मनापासून काही दिलं तर ते त्याचं, तेवढं जरूर करा.

कोर्टाच्या निकालाचं सांगते कारण तो मुद्दा ऐकायला फार भारी वाटतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या की हॉटेल-रेस्टॉरंटने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला त्या योग्य ठरवल्या. बरोबर आहे, इथल्या रेस्टॉरंटमध्ये तो हक्क जरूर वापरा. पण सिंगापूरहून सुटणाऱ्या, परदेशी झेंड्याच्या बोटीवर गेस्ट सर्व्हिसेसच्या डेस्कसमोर उभं राहून मोबाइलवर दिल्लीचा निकाल दाखवून काय होणार? आणि त्याची गरजही नाही, कारण बऱ्याच कंपन्या विनंती केली तर तिथेच रक्कम कमी करून देतात. सोय मुळात आहे, ती सर्व्हिस खरंच वाईट मिळाली तर वापरायची सोय आहे. पहिल्याच दिवशी, अजून कुणी आपलं एक काम केलेलं नसताना, ती वापरायची याला काय म्हणायचं?

फक्त भारतीयांकडून घेतात, हे खोटं. रोजची टिप हा अमेरिकन कंपन्यांचा प्रकार आणि अमेरिकनच ती सगळ्यात जास्त भरतात. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच तिकिटांत ती वेगळी दिसत नाही कारण भाड्यातच धरलेली असते, तेवढ्यावरून कुणीतरी "गोऱ्यांना माफ" असं लिहून मोकळं झालेलं दिसतंय. पी अँड ओने ब्रिटनमध्ये 2019 पासून तेच केलं, वेगळी टिप बंद, रक्कम भाड्यात. माझ्या मते सगळ्यांनी असंच करावं, पण पैसे त्यांनीही भरलेत.

मुलांचं कंपनीगणिक वेगळं आहे. रॉयल कॅरिबियन सगळ्या वयांना लावते, कार्निव्हल ही कंपनी दोन वर्षांखालच्यांना सोडते, नॉर्वेजियन क्रूझ लाइन तीन वर्षांखालच्यांना. जाऊबाईंची मुलं अकरा आणि सात वर्षांची आहेत, त्यांची लागणार.

आता पैशांचं, कारण मुळात सगळ्यांची पोटदुखी तीच आहे आणि ती मला कळते. रॉयल कॅरिबियनचा साध्या केबिनचा 2025 मधला दर माणशी दिवसाला 18.50 डॉलर होता, नॉर्वेजियनचा 20. चार माणसं, चार रात्री, 18.50 ने 296 डॉलर झाले, 88 च्या भावाने 26,000 रुपये. लहान रक्कम नाही, आणि शेवटच्या रात्री अचानक बिलावर दिसली तर कुणीही चिडेल. पण जाऊबाईंच्या ट्रॅव्हल एजंटने दिलेलं कोटेशन मी बघितलं, त्यात वर मोठ्या अक्षरात सगळं समाविष्ट असं लिहिलंय आणि टिपचा शब्द कुठेही नाही. चिडायचं तर तिथे चिडा! बुकिंगच्या आधी विचारा की टिप धरलीय का, नसेल तर माणशी किती, आणि आधी भरता येते का (बऱ्याच ठिकाणी येते, मग बोटीवर धक्का बसत नाही). मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझने गोव्याला जाणार असाल तरी हाच प्रश्न एजंटला लेखी विचारा.

जिथे खरंच पैसे वाचतात ते मात्र मेसेजमध्ये नाहीच. बारमधल्या ड्रिंकवर, स्पावर कंपनीप्रमाणे साधारण 18 ते 20 टक्के टिप आधीच लागलेली असते. सही करायला जी पावती येते तिच्यावर जादा टिपसाठी एक रिकामी ओळ असते, आपले लोक गोंधळून तिथेही आकडा लिहितात. तिथे काही लिहायची गरज नाही, रेघ मारून सही करा. स्पामध्येही तेच.

जाऊबाईंना मी ग्रुपवर हा सगळा हिशोब टाकलाय आणि एजंटला फोन करून टिप आधीच भरून टाका म्हणून सांगितलंय. सर्व्हिस वाईट वाटली तर दुसऱ्या दिवशीच डेस्कवर जाऊन काय झालं ते सांगा, म्हणजे ते सुधारतील, आणि तरीही नाही सुधारलं तर मग रक्कम कमी करायला लावा. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी हे वाचून ते काढले तर बरं, आणि मेसेज ज्यांना पुढे पाठवलाय त्यांना हेही पाठवा.