माशी, खाच आणि लाल ठिपका

वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझ्या पिस्तुलावरची माशी दिसेनाशी झाली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा उभा तुकडा, जो मागच्या खाचेत मधोमध बसवून मग दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळाखाली आणायचा असतो. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचे नीट दिसते, आणि येथे तर खाच, माशी आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टींचा मेळ घालायचा असतो. तरुणपणी डोळा ही कामगिरी गुपचूप पार पाडतो, चाळिशी लागली की मात्र तो प्रत्येक कामाचा हिशेब मागू लागतो. वाचायचा चष्मा लावला की माशी ठसठशीत दिसे आणि टार्गेट ढगात जाई. दूरचा लावला की टार्गेट परत येई आणि माशी उडून जाई. दोन्हींचा मिळून असलेला चष्मा लावला, तेव्हा मी नंदीबैलासारखी मान हलवत नेम धरतो आहे, असे आमच्या नेमबाजीच्या सरांनी सर्वांसमक्ष सांगितले.

बायकोचे म्हणणे असे, की २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांनी साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक मिळवले, आणि तेही तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे मी तो ऐकला नाही. नेम धरायच्या साधनाला साईट म्हणतात, आणि मला माशी-खाचेच्या उघड्या साईटऐवजी काचेत लाल ठिपका दाखवणारी हवी होती. एअर पिस्तुलाच्या अधिकृत स्पर्धेत उघडी साईटच चालते, लाल ठिपक्याची चालत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु आमच्या रेंजवर रविवारी जी खेळीमेळीची चुरस असते, तिच्यात वयस्कांना काहीही माफ असते. नामांकित कंपनीची साईट माझ्या पिस्तुलापेक्षा महाग निघाली, तेव्हा मी मोबाईलवरून एक हजार नऊशे रुपयांची एक साईट मागवली. खोक्यावर ती पाणी, धक्का आणि धुके या तिन्हींना दाद देत नाही, असे छापलेले होते.

ती हातात घेतलेल्या प्रत्येक माणसाने प्रथम समोरच्या भिंतीवर लाल ठिपका शोधला. ही लेझर नव्हे, ठिपका भिंतीवर पडत नाही, तो आतल्या काचेत असतो आणि काचेतून पाहणाऱ्यालाच दिसतो, हे मी भाच्याला, शेजाऱ्यांना आणि अखेर सोसायटीच्या वॉचमनलाही समजावले. एका बारीकशा एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परतून समांतर किरणांनी डोळ्यात येतो आणि ठिपका दूर टार्गेटवरच टेकल्याचा भास होतो, एवढेच त्यातले तत्त्व. हॉवर्ड ग्रब नावाच्या आयरिश माणसाने ही कल्पना १९०० साली मांडली, आणि १९७०च्या दशकात एका स्वीडिश कंपनीने तिच्यात विजेचा ठिपका घालून ती बाजारात आणली. द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुनाने पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे पाहून मत्स्यवेध केला, तेव्हा या विद्येतही आपण आघाडीवर होतो, असे शेजारी म्हणाले. असू. त्या पाण्याला बॅटरी लागत नव्हती.

माझ्या साईटला सीआर २०३२ लागे. वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी असा त्या आकड्यांचा अर्थ आहे, हे मला दादरच्या घड्याळवाल्या काकांनी शिकवले. महिन्यातून तीनदा जाऊ लागल्यावर माणूस ज्ञानही देतो. साईट आपोआप बंद होत नसे, आणि मीही तिच्याइतकाच विसराळू होतो.

ठिपका कागदोपत्री चार एमओएचा होता. एमओए हे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग. एक एमओए म्हणजे दहा मीटरवर सुमारे २.९ मिलिमीटर, म्हणजे चारचे झाले साडेअकराच्या आसपास. आणि टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ नेमके ११.५ मिलिमीटरचे असते. सांगायचा मुद्दा, ठिपका दहावर आणला की दहा नाहीसा होई. तोही ठिपका गोल असता तर गोष्ट वेगळी. मला तो स्वल्पविरामासारखा दिसे, आणि उजेड वाढवला की गणपतीच्या मंडपातल्या रोषणाईसारखा फाके. मी विक्रेत्याला कडक शब्दांत पत्र लिहिणार होतो, तेवढ्यात सरांनी काचेतून मोबाईलने फोटो काढून दाखवला. फोटोत ठिपका वाटाण्यासारखा वाटोळा होता. स्वल्पविराम माझ्या डोळ्यात होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला ॲस्टिग्मॅटिझम म्हटले आणि साईटच्या किमतीपेक्षा जास्त फी घेतली.

खरी परीक्षा झिरो करताना, म्हणजे ठिपका आणि छर्रा एकाच जागी आणताना झाली. साईट नळीच्या चार सेंटिमीटर वर बसलेली, त्यामुळे इतक्या जवळून छर्रे खाली पडणार हे उघडच होते. वर आणण्यासाठी मी स्क्रू फिरवू लागलो. एक क्लिक, दोन क्लिक, चार क्लिक, ठिपका ढिम्म. सहावा क्लिक दिला, पिस्तूल झाडले, आणि गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी अडकून पडलेला घोळका दादर येताच एकदम फलाटावर सांडतो, तसे मागचे सगळे क्लिक एकाच दणक्यात बाहेर पडले. छर्रा कार्डाच्या वरच्या कडेला गेला. मग उलट फिरवले, पुन्हा तेच. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी मला स्क्रू फिरवल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वर हलकेच टकटक करायला सांगितले. नारळ पारखावा तसे मी ते केले, आणि खरोखरच ठिपका थोडा शहाण्यासारखा वागू लागला. परंतु पुढच्या रविवारी छर्रे पुन्हा खाली उतरले आणि स्क्रू आता फिरायचाच संपला. शेवटी साईटच्या मागच्या पायाखाली भाचीच्या लग्नपत्रिकेची एक जाड पट्टी कापून घातली. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ मधले ‘प्रार्थनीय’ तेवढे बाहेर राहिले.

माझे पिस्तूल स्प्रिंगचे. त्यातला दट्ट्या सुटताना एक धक्का मागे आणि सिलिंडरच्या टोकाशी आदळताना दुसरा पुढे असा दोन्हीकडचा प्रसाद देतो, आणि स्वस्त साईटला हा दुसरा धक्का सोसत नाही. एक तर स्क्रू सैल होत. त्यांवर मी बायकोच्या गडद मरून नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला, जो उपाय उत्तम आहे, मात्र तो विचारून करावा. दुसरे म्हणजे बॅटरी क्षणभर उडून तिचा संबंध तुटे आणि ठिपका डोळे मिचकावी. तिच्याखाली मी गोळ्यांच्या पाकिटावरच्या चांदीची चौकोनी घडी ठेवली. रक्तदाबाच्या गोळ्यांचीच होती, हा निव्वळ योगायोग.

जुलैत काचेच्या आत धुके धरले. बाहेरून पुसता येत नव्हते आणि आत बोट जात नव्हते. तांदळाच्या डब्यात ठेवले तर ओल निघते असे ऐकून मी तसे केले, आणि ते सांगायचे राहून गेले. त्या रात्री भात झाला नाही. पुढचे संभाषण येथे देत नाही.

एवढ्या सगळ्या दुरुस्त्यांनंतर ऑगस्टमधल्या एका रविवारी साईट काही काळ खरोखर ठीक चालली: ठिपका पेटला होता, काच स्वच्छ होती, स्क्रू जागच्या जागी होते. आणि तेव्हा मला प्रथमच दिसले, की तो ठिपका एका ठिकाणी क्षणभरही उभा राहत नाही. सातवरून आठवर, आठवरून पांढऱ्यात, तेथून उडी मारून दहावर आणि पलीकडे; उघड्या साईटच्या धूसरपणात हे सगळे पोटात घातले जात होते, ते आता लाल अक्षरांत समोर लिहिले होते. ठिपका दहावरून जाताना पकडावा म्हणून मी ट्रिगर ओढू लागलो, आणि ओढला की छर्रा पाचात. साईट पुन्हा बिघडली, असे मी मोठ्याने म्हणालो. सरांनी पिस्तूल घेतले, त्याच साईटने सावकाश पाच छर्रे झाडले, आणि कार्ड माझ्या हाती दिले. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती.

साईट मी काढून ठेवली. पुन्हा माशीवर आलो आहे. ती दिसत नाही, पण निदान नाचतही नाही. मात्र मोबाईल मला अधूनमधून दोन एमओएची, दोन हजार सातशेची एक साईट दाखवत असतो, आणि परवा मी ती घड्याळाच्या सेलच्या निमित्ताने दादरला गेलो असतानाच मागवून टाकली. काकांनी काही न विचारता काउंटरवर सीआर २०३२ चे पाचचे पाकीट ठेवले.

“नवीन घेतलीत वाटतं,” ते म्हणाले, “पाचात स्वस्त पडतं.”