बर्फ बघायला नाही, स्की शिकायला जायचंय

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

दुपारी संभाजीनगरला एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेले होते. सरळ सांगितलं, जानेवारीच्या शेवटी चौघांना मनालीला जायचंय, एकाच जागी राहायचंय अन् दोन्ही लेकरांना स्कीइंग शिकवायचंय. त्या गृहस्थांनी मान वर न करता छापील कागद पुढं केला. दिल्ली, शिमला, कुफ्री, मनाली, चंदीगड, 6 रात्री 7 दिवस. म्हटलं, दादा, मला हे नकोय. तर म्हणे, "मॅडम, स्कीइंग वगैरे आपल्याकडच्या लोकांचं काम नाही. सोलंगला होतं की अर्धा तास. फोटो एक नंबर येतात."

परभणीच्या माणसानं बर्फावर फक्त फोटो काढायचा. शिकायचं ते पुण्या-मुंबईवाल्यांनी. असंच ना?

तो अर्धा तास मला चांगला माहीत आहे. मागे नाताळच्या सुट्टीत असल्याच पॅकेजात गेलो होतो. मनालीहून सोलंग जेमतेम 13-14 किलोमीटर, पण वाटेत गाडी थांबते ती भाड्याच्या कोटांच्या दुकानाशी, आणि कुठल्या दुकानाशी थांबायचं ते ड्रायव्हरनं आधीच ठरवलेलं असतं. कोटाच्या पाठीवर दुकानाचा नंबर, भला मोठा. लेकीला मिळालेले बूट दोन नंबर मोठे, आत मोजे कोंबून बसवले. वर गेल्यावर एका पोरानं तिच्या पायात स्की अडकवल्या, काठ्या धरून तिला थोडं ओढलं, फोटोसाठी थांबवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघायला लागला. तेवढ्यात हिनं त्याचा हात सोडला. चार-पाच फूट आपली आपण घसरली अन् धपकन बसली. रडेल म्हणून मी धावले, तर ही हसतीये! "आई, परत!"

परत कुठलं. खालून हॉर्न. "चलो मॅडम, हिडिंबा मंदिर बाकी है."

त्या ड्रायव्हरवर माझा राग नाही, त्याला संध्याकाळपर्यंत यादी उरकायची होती. राग यादी करणाऱ्यांवर आहे. दिवसभर गाडीत बसून उलट्या करायच्या, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं उतरायचं, मॅगी खायची अन् रात्री स्टेटस टाकायचं. ह्याला सहल म्हणतात?

अरे, स्की ही एका दुपारची गोष्टच नाही. पहिला दिवस बूट घालून नीट चालण्यातच जातो. कडक प्लास्टिकचे ते बूट, घोटा हलत नाही, गुडघ्यातून वाकावं लागतं. मग पडायचं कसं ते शिकायचं, बाजूला, कुल्ल्यावर. मग उठायचं कसं, आणि ते पडण्याहून अवघड आहे. मग स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा कोन करून थांबायचं. थांबता आलं की मग वळणं. लेकरं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात, त्यांना पडायची लाज नसते. पण त्यासाठी रोज सकाळी तोच उतार अन् तोच शिक्षक पाहिजे. माझ्या लेकीनं हात सोडला तेव्हा ती शिकायला सुरुवात करत होती, एवढंच मला त्या ऑफिसात सांगायचं होतं. ऐकून घेईल तर ना.

म्हणून आता सगळं आमचं आम्हीच करणार. परभणीहून सकाळी सचखंड एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली. वाटेत स्टेशनांवर लंगर असतो, आणि सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आहेच. दिल्लीहून मनाली साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीची बस. लेकरं मोठी झालीत, झोपतील. सोलंगजवळच एक खोली घ्यायची अन् बूड टेकवून राहायचं. कुफ्री नाही, मॉल रोड नाही, खरेदी नाही. (शालींच्या ऑर्डरी देणाऱ्या सर्व नणंदांनी नोंद घ्यावी.)

उत्तराखंडातल्या औलीचं मनात होतं. तिथं गढवाल मंडळ विकास निगम स्कीचे कोर्स घेतं. पण 2023 च्या जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हापासून तिथला रोपवे बंद पडला. ज्या गावाची घरं टेकू लावून उभी होती तिथं जाऊन घसरगुंडी खेळायला मन धजत नाही. गुलमर्ग सगळ्यांत सरस, श्रीनगरपासून जेमतेम पन्नास किलोमीटर, दिल्लीहून विमानानं गेलं तर सोपंही. पण ते नाव काढलं की घरात पहलगाम निघतं. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पुढं बघू.

आता बर्फाचं. तो हमखास मिळेलच असं नाही, मान्य. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडंठाक होतं. 2025 ला तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढं ढकलल्या, मार्चमध्ये झाल्या. आभाळाकडं बघत बसणं काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण म्हणून मे महिन्यात जायचं? आपल्या शाळांची मोठी सुट्टी मे मध्ये, बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत. सोलंगच्या उतारावर मे मध्ये गवत असतं, गवत! म्हणून मी 26 जानेवारीच्या आगेमागे लेकरांची शाळा बुडवणार आहे आणि ते इथं जाहीर लिहितेय. शिक्षक मित्रांनी रागवावं. घरातल्या लग्नासाठी आठ-आठ दिवस शाळा बुडते तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही.

पैशाचं म्हणाल तर हो, स्वस्त नाही. सोयाबीनला भाव नाही अन् ही चालली बर्फात घसरायला, असं गल्लीत बोलणार, आणि ते बोलणं अगदीच वावगं नाही. पण हळदीला डीजे अन् वर ड्रोन लागतो तेव्हा सोयाबीन कोणाला आठवत नाही. वैष्णोदेवीला गेलं की पुण्य, त्याच बाजूच्या डोंगरात लेकरू काही शिकलं की चोचले!

बरं, घरातूनच विरोध होईल असं वाटलं होतं. सासूबाई गप्प होत्या. त्यांच्यासाठी आभाळातून पडणारं बर्फ म्हणजे 2014 ची गारपीट. काढणीला आलेला गहू अन् हरभरा डोळ्यांदेखत झोपला होता, अजून ते नाव निघालं की त्या पदर तोंडाला लावतात. संध्याकाळी मी तणतणत घरी आले तर जवळ बसून विचारतात, "तिकडं एवढं बर्फ पडायलंय, मग त्यांच्या पिकाचं काय होत असंल गं?" मी सांगितलं, आई, तिकडं सफरचंदाच्या बागा, झाडाला ती थंडी लागतेच, नाहीतर फळ नीट धरत नाही. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग जा. पोरीला त्या दिवशी परत करू द्यायला पाहिजे होतं."

त्यांना ती गोष्ट लेकीनंच सांगितलेली. फोनवर फोटो दाखवत नाही ती, उठून करून दाखवते. फरशीवर मोजे घालून, गुडघे वाकवून, हात सोडून.

असो. राग बराच उतरला. कामाचं सांगते. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता. परभणी, पूर्णा, जालन्यातून अजून कोणी एक-दोन कुटुंबं येणार असतील तर कळवा, शिक्षकाचा खर्च वाटून घेता येईल. यादीवाल्यांनी कळवू नये. आणि 10-12 वर्षांच्या लेकरांचे थर्मल, लोकरीचे मोजे, हातमोजे कोणाकडं पडून असतील तर द्या, वापरून धुऊन परत करते. सुती नकोत, भिजले की तिकडं वाळत नाहीत.