फ्रेंच तारीख इंग्लिशमधून कशाला, सरळ मराठीतून शिका की

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक टीप सारखी फिरतेय, 'तारीख एकदम सोपी, इंग्लिश डेट मनात आणायची, शब्द बदलायचे, आधी "ल" (इंग्लिश "द"सारखा शब्द) लावायचा, झालं.' अकरावीला फ्रेंच घेतलेली पोरं हेच पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

पहिलं म्हणजे इंग्लिशमधलं फर्स्ट, सेकंड, फोर्टीन्थ इथे चालतच नाही. फ्रेंचमध्ये फक्त 1 तारखेला 'पहिला' म्हणतात, 'ल प्रम्ये मे', बाकी सगळा साधा आकडा, 14 जुलै म्हणजे 'ल कातोर्झ जुइये', 'कातोर्झिएम' नाही. आपण तरी कुठे पंधरावा ऑगस्ट म्हणतो, पंधरा ऑगस्टच म्हणतो ना! मग मधे इंग्लिश कशाला घुसवायचं?

'ऑन मंडे'चं 'ऑन' भाषांतरित करून 'स्युर' लावतात ते तर साफ चूक. येत्या सोमवारी असेल तर नुसतं 'लँदी', त्याला 'ल' लावलात की अर्थ बदलतो. फ्रान्समध्ये बेकरीच्या दारावर 'फेर्मे ल लँदी' अशी पाटी असते, म्हणजे दर सोमवारी बंद, एखाद्या सोमवारी नाही. पण पुढे तारीख आली की 'ल' परत येतो, 'ल लँदी कातोर्झ जुइये', आणि नेमकं हेच त्या टीपमध्ये कुठे नाहीये.

वर्षाचं पण तेच. 1999 'नाइन्टीन नाइन्टी-नाइन' असं दोन तुकड्यांत तोडून फ्रेंचमध्ये कोणी म्हणत नाही, 'मिल नफ सां...' म्हणजे एक हजार नऊशे, नाहीतर 'दिझ-नफ सां...' म्हणजे चक्क आपलं एकोणीसशे, आणि पुढचं नव्व्याण्णव म्हणजे चार वीस, दहा, नऊ. हे जड जातं हे मान्य, पण बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला सरळ 'नोनांत' म्हणतात. 2025 तर आपल्यासारखंच, दोन हजार पंचवीस.

'ल'पुढे स्वर आला की तो आखडतो हा नियम खरा, पण 8 आणि 11 ला लागू नाही. फ्रान्सच्या दोन सुट्ट्याच लक्षात ठेवा, 8 मे (1945 चा विजय) 'ल उई मे' आणि 11 नोव्हेंबर (1918 चा युद्धविराम) 'ल ओंझ नोव्हांब्र', 'लोंझ' नाही.

लिहिताना महिना आणि वार दोन्ही लहान अक्षराने, इंग्लिशसारखं कॅपिटल केलंत तर मार्क जाऊ शकतात.

आणि तारीख विचारायची कशी? बोलताना 'ओन् ए ल कोंब्याँ?', यातलं 'कोंब्याँ' म्हणजे किती. आज किती तारीख, बस्स! 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात हे पण त्यांच्याकडे तसंच, 'दां उई जूर', आणि दोन आठवड्यांना 'कँझ जूर', पंधरा दिवस.