एफडी मोडून गुंठे घ्यायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मतलब एकच: बँकेचं व्याज महागाई खाते, बँक बुडाली तर पाच लाखांवर दमडी मिळत नाही, सोनं कधी पडत नाही, कोकणातली जमीन पाच वर्षांत दुप्पट होते, आणि आपले आजोबा बँकेची पायरी न चढता जमिनीवर जगले. तेव्हा एफडी मोडा, गुंठे घ्या. खाली हात जोडल्याची दोन चित्रं आणि एक मोबाईल नंबर. तो नंबर कुणाचा असतो हे सांगायला नको.

व्याजाचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०२३-२४ मध्ये व्याज साडेसहा-सात टक्के होतं, महागाई पाच-सहा, वर कर. हातात फारसं उरलं नाही. पण एफडी ठेवायची ती वेळेला पैसा हाताशी असावा म्हणून, आणि आपल्या किनारपट्टीवर ही वेळ फार नेमकी येते. आंबा बागायतदाराचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो. खर्च मोहोर दिसायच्या आधीच सुरू होतो. कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून झाडाला घालायचं औषध), खत, फवारण्या, राखण, मग पेट्या आणि गाडीभाडं. यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंद, आणि त्याच जूनमध्ये पोरांच्या फिया भरायच्या. डिसेंबरात ज्याच्याकडे रोकड नाही तो वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो. मग माल त्यालाच घालायचा आणि तो सांगेल तो भाव मुकाट घ्यायचा. एफडीत दोन टक्के कमी मिळाले म्हणून हळहळणाऱ्याने ही तूट एकदा पेटीमागे मांडून बघावी. पीककर्जाचंही तेच. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर त्यात ३ टक्क्यांची सूट. फेडायच्या तारखेला पैसा गुंठ्यात अडकलेला असला की सूट गेली.

साठी ओलांडलेल्यांना एफडी अपुरी वाटत असेल तर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाखांवर गेली. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. असणार कसा, त्यात दलाली नाही!

आता बुडणाऱ्या बँकेची भीती. ठेवींवर ५ लाखांचा विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. आधी तो १ लाखच होता. मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून ५ लाख. जास्त असतील तर दोन-तीन बँकांत वाटून ठेवा. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की ९० दिवसांत ही रक्कम ठेवीदाराला मिळावी अशी तरतूद आहे.

भीती घालायचीच होती तर पतसंस्थेची घालायची. तिथे मेसेज गप्प! पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा लागत नाही. एजंट रोज दुकानावर येऊन पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, नेतो, चेअरमन ओळखीचा, व्याज टक्का-दीड टक्का जास्त. पिग्मी चालू ठेवा, हरकत नाही. पण निवृत्तीची सगळी पुंजी तिथे टाकणं हा माझ्या मते जुगार आहे, चेअरमन भावकीतला असला तरी.

सोन्याचं थोडक्यात सांगतो. २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव सुमारे ३१ हजार होता, २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या आसपास उतरला आणि २०१८ मध्ये पुन्हा ३१ हजारांवर आला. पुढे चढला, हे खरंच. पण त्या सहा वर्षांत ज्याला मोडावं लागलं त्याला विचारा. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो, आणि घडणावळ मोडताना परत मिळत नाही.

राहिली जमीन. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळजवळ १५ टक्के चक्रवाढ. महामार्गालगत कुणाचं तसं झालं असेल, नाही म्हणत नाही. पण तोच भाव सड्यावरच्या (माथ्यावरच्या पठारावरच्या) कातळाला आणि डोंगरउतारावरच्या वरकसाला, म्हणजे हलक्या जमिनीला, लावून सांगतात. ‘जमीन खंय पळान जातली?’ असं कुडाळकडे म्हणतात. पळत नाही, अडकते. सातबारा काढून बघा. मालक म्हणून दहा-अकरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, दोघे वारलेले, वारसनोंद नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव. सावंतवाडी-दोडामार्गकडे वनसंज्ञेची, म्हणजे खासगी जमिनीवर ‘वन’ अशी नोंद असण्याची, भानगड. समुद्र दिसतो म्हणून भाव जास्त, आणि समुद्राजवळ म्हणूनच सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, आडकाठी. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. गुंठे पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. अलीकडे त्यात सवलती आल्या, पण आपल्या गटाला त्या लागू आहेत का हे तहसील कचेरीत लेखी विचारावं, एजंटाला नाही. सामाईक हिस्सा घेतलात तर कागदावर दोन गुंठे असतात, जागेवर नेमके कुठले ते कुणालाच ठाऊक नसतं. खरेदीखतात वाट लिहिलेली नसली तर शेजारी कधी गडगा (दगडी कुंपण) घालेल याचा नेम नाही.

हे सगळं साफ निघालं तरी विकायची घाई झाली की खरी गंमत. घरात ऑपरेशन निघालं तर एफडी एक-दोन दिवसांत मोडते, फार तर व्याजात थोडा दंड बसतो. जमिनीला गिऱ्हाईक मिळतं ते गणपतीत चाकरमानी आला म्हणजे, मिळालं तर. बागेचं उत्पन्न आहे म्हणाल, तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात.

आणि आजोबा. ते जमिनीवर जगले हे ऐकायला छान वाटतं. भात दिवाळीनंतर काही महिने पुरायचं; मीठ, तेल, कापड, वह्या आणि सावकाराचा हप्ता हे सगळं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायचं. घरातला एक तरी माणूस गिरणीत होता म्हणून जमीन विकावी लागली नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांतली ती मनीऑर्डर थांबली. शेत होतं तेवढंच होतं, तरी वाण्याकडची उधारी वाढत गेली.