गूगलचा एक रेपो आणि फोंड्यातले आम्ही पाच

पणजी-फोंड्याकडच्या डेव्हलपरांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "गूगलचा सगळा कोड एकाच रेपोत आहे. पाच माणसांनी वीस रेपो सांभाळणं हा वेडेपणा. सगळं एकत्र करा, आवृत्त्यांचे घोळ कायमचे संपतील." रेपो म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा; आवृत्त्यांचा घोळ म्हणजे एकीकडचा कोड नवा, दुसरीकडचा जुना. आमच्या ऑफिसात दोघांनी तो फॉरवर्ड माझ्यासमोर नाचवला, म्हणून हे लिहितोय.

"सगळा कोड" इथेच पहिली गफलत. अँड्रॉइड आणि क्रोम त्या रेपोच्या बाहेर, गिटमध्ये (रेपो सांभाळायचं आमचंही रोजचं टूल) आहेत. अँड्रॉइड तर शेकडो गिट रेपोंत विखुरलेलं आहे आणि ते एकत्र खेचायला गूगलने वेगळं टूल लिहिलंय. उरलेला बहुतेक कोड एकत्र आहे, हे खरं. त्यांच्याच इंजिनिअरांनी 2016 मध्ये छापलेला जानेवारी 2015 चा आकडा सुमारे 2 अब्ज ओळींचा, 86 टेराबाइटचा. पण तो डोलारा गिटवर उभा नाही, 'पायपर' या त्यांच्या घरच्या यंत्रणेवर आहे. आमचा सगळा कोड मात्र साध्या गिटला आरामात पेलतो. तेव्हा गूगलचं उदाहरण आम्हाला एकत्र व्हा म्हणूनही लागू नाही, आणि होऊ नका म्हणूनही नाही.

आवृत्त्यांचे घोळ संपतात? सर्व्हर आणि अ‍ॅप एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदलेल्या बदलात, बदलता येतात, हे सुख आहेच. पण कमिट एकत्र होतो, डिप्लॉय (बदल प्रत्यक्ष वापरात चढवणं) नाही. चवथीच्या आधी आम्ही आमच्या हॉटेल-बुकिंगच्या प्रॉडक्टमधलं 'पाहुणे' हे फील्ड (माहिती भरायचा रकाना) मोडून 'मोठे' आणि 'मुलं' अशी दोन केली, दोन्हीकडे, एकाच कमिटमध्ये. सर्व्हर रात्री बदलला. कळंगुटच्या एका हॉटेलातला रिसेप्शनवरचा टॅब मात्र वीज आणि वायफायच्या लपंडावात जुन्याच आवृत्तीवर राहिला. सकाळी चौघांचं कुटुंब शून्य पाहुणे म्हणून नोंदलं गेलं. रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन: "सर, शून्य माणसांची किल्ली कोणाच्या हातात देऊ?" जुनं फील्डही काही दिवस सर्व्हरवर चालू ठेवणं, हाच त्यावर उपाय होता. रेपो एक असो की वीस, तो चुकत नाही.

आणि जे फॉरवर्डमध्ये नाहीच, ते आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त नडतं. आम्ही पाच-सहा ग्राहकांची कामं करतो. गिटमध्ये एका फोल्डरपुरती वाचायची परवानगी देता येत नाही. ज्याला रेपो क्लोन करू दिला, म्हणजे त्याची पूर्ण नक्कल घेऊ दिली, त्याला सगळंच दिसतं. कोडओनर्स फाइलचं नाव कुणी काढेल, पण ती बदलाला मंजुरी कोणाची हवी एवढंच सांगते, वाचणाऱ्याला अडवत नाही. गेल्या वर्षी एका ग्राहकाने काम दुसरीकडे नेलं आणि इतिहासासकट कोड मागितला. त्याचा रेपो वेगळा होता म्हणून तासाभरात सुटलो. एकत्र असता, तर दुसऱ्यांचे कमिट त्यातून चाळून काढत बसलो असतो.

वीस रेपो जास्तच होते, हे मात्र फॉरवर्डवाल्याला देतो. हॉटेलच्या प्रॉडक्टचे सर्व्हर, अ‍ॅप आणि दोघांची सामायिक लायब्ररी असे तीन रेपो होते. तीच दोन माणसं तिन्हीकडे हात घालायची, एका बदलाला तीन पुल रिक्वेस्ट, म्हणजे तीनदा मंजुरीला पाठवणं. ते तिन्ही आम्ही एकत्र केले. ग्राहकांचे रेपो वेगळेच ठेवले.

फॉरवर्ड नाचवणाऱ्यांपैकी एकाने काल विचारलं, बिलं छापायची स्क्रिप्ट यातल्या कुठल्या रेपोत टाकू? दोन वर्षं ती त्याच्या लॅपटॉपवरच आहे.