माइल्सच्या सीटा एकाच रात्रीत सुटत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: विमान कंपन्या माइल्सवर (म्हणजे प्रवासातून किंवा कार्डाच्या पॉइंटांतून जमणाऱ्या आणि तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांवर) द्यायच्या सगळ्या सीटा उड्डाणाच्या बरोबर 355 दिवस आधी, रात्री बाराच्या ठोक्याला सोडतात. तेव्हा मिळाली तर मिळाली, नाहीतर विषय संपला. म्हणून क्रेडिट कार्डाचे सगळे पॉइंट आधीच विमान कंपनीकडे ट्रान्सफर करून ठेवा. पुढे आणखी चार गोष्टी सांगितलेल्या असतात. सीट मॅपवर, म्हणजे विमानातल्या जागांच्या नकाशावर, जागा मोकळी असूनही माइल्सवर देत नसतील तर ती लबाडी आहे. जिचे माइल्स या विमानातही चालतात अशा भागीदार कंपनीकडेही तेवढ्याच सीटा दिसतात. पुन्हा पुन्हा शोधलं की कुकीजमुळे (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या शोधाच्या नोंदींमुळे) सीट गायब होते. आणि हे तिकीट फुकट पडतं.

मुलगा न्यू जर्सीला किंवा मुलगी लंडनला आहे, अशा कोथरूड-औंधमधल्या घरांत हा मेसेज गांभीर्याने घेतला जातो. तो वाचून लोक वर्षानुवर्षांचे पॉइंट हलवून टाकतात, आणि हलवलेले पॉइंट बँक सहसा परत घेत नाही. म्हणून यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

आधी 355 दिवसांचं बघू. हा आकडा खोटा नाही, पण तो सगळ्यांचा नाही. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्सचं बुकिंग साधारण 355 दिवस आधी उघडतं, युनायटेडचं 337 आणि अमेरिकन एअरलाइन्सचं 331 दिवस आधी. ब्रिटिश एअरवेज लांब पल्ल्याच्या विमानांत ठरावीक किमान अवॉर्ड सीटांची, म्हणजे माइल्सवर मिळणाऱ्या सीटांची, हमी देते आणि त्या सुरुवातीलाच खुल्या करते, एवढी बाजू मेसेजची खरी आहे. पण त्या खुल्या होतात ग्रीनिच वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. पुण्यात रात्री बारापर्यंत जागून काहीच हाती लागत नाही.

मेसेजची खरी चूक ‘सगळ्या’ या शब्दात आहे. कोणती सीट कोणत्या दराला विकायची याचं गणित विमान कंपन्या फार पूर्वीपासून करतात. केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत असताना त्याचा एक साधा नियम मांडला. समजा, एका सीटचे शेवटच्या आठवड्यात दोन लाख मिळू शकतात आणि आज स्वस्तात दिली तर ऐंशी हजार. दोन लाखांचा प्रवासी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त असेल तर सीट राखून ठेवायची, कमी असेल तर आजच द्यायची. आजची सॉफ्टवेअर कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण मूळ विचार हाच. अवॉर्ड सीट म्हणजे कंपनीच्या हिशेबातला सर्वांत स्वस्त दर. ती सीट रोख पैशात विकली जाणार नाही असं वाटलं, की ती माइल्ससाठी उघडते.

आणि हा अंदाज उड्डाणापर्यंत बदलत राहतो. वर्षभर आधी कंपनीच्या हातात फारशी माहितीच नसते. पुढे बुकिंग अपेक्षेपेक्षा मंद चाललं, एखाद्या टूर कंपनीने गटाची बुकिंग सोडली किंवा लहान विमानाऐवजी मोठं आलं, तर बंद असलेल्या सीटा उघडतात. बुकिंग जोरात असेल तर उघड्या सीटा बंदही होतात. लुफ्तान्साची फर्स्ट क्लास भागीदारांच्या माइल्सवर अनेक वर्षं दिसायची तीच मुळी उड्डाणाच्या शेवटच्या दोनेक आठवड्यांत. त्या सीटसाठी वर्षभर आधी जागणाऱ्याला काय मिळालं असेल?

आपल्याकडचे हंगाम यात घालून बघा. ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं निघतात आणि सुट्टीला आलेली कुटुंबंही परततात, त्यामुळे तिकडे जाणारी विमानं भरतात. त्याच दिवसांत तिकडून इकडे येण्याची घाई कमी जणांना असते. म्हणून जाणं आणि येणं वेगवेगळं शोधावं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

आता पॉइंट आधीच हलवण्याचा सल्ला. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. बँकेत असेपर्यंत तेच पॉइंट चार-पाच कंपन्यांकडे जाऊ शकतात. हलवले की एकाच दावणीला बांधले गेले. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेतल्या माइल्सची मुदत तीन वर्षांची असते. एका तिकिटाला किती माइल्स लागतील हेही कायम राहत नाही. डेल्टाने 2015 मध्ये आणि युनायटेडने 2019 मध्ये आपले ठरलेले तक्तेच काढून टाकले. आणि 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजची विमानं थांबली, तेव्हा जेटप्रिव्हिलेज या तिच्या योजनेचे माइल्स खात्यात होते, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच उरलं नव्हतं. आधी करायची तयारी वेगळी आहे. हव्या त्या कंपन्यांचं सभासदत्व घ्या, नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि कार्डाच्या खात्याशी जुळतं का ते बघा. कोणत्या कंपनीकडे ट्रान्सफर लगेच होतो आणि कुठे काही दिवस लागतात, हे बँकेला विचारून ठेवा. पॉइंट मात्र सीट दिसल्यावरच हलवा.

सीट मॅपच्या मुद्द्यावर लोकांचा संताप मी समजू शकतो. बालगंधर्वच्या खिडकीवर नाटकाचा प्लॅन समोर ठेवतात, त्यातली मोकळी खुर्ची खरोखर मोकळी असते. विमानाचा नकाशा तसा नसतो. तिकीट काढूनही अनेकजण पैसे वाचवायला सीट निवडत नाहीत, काही रांगा कंपनीने अडवून ठेवलेल्या असतात, आणि काही विमानांची तिकिटं क्षमतेपेक्षा जास्त विकलेली असतात. वीस जागा मोकळ्या दिसल्या म्हणजे वीस तिकिटं शिल्लक आहेत असं नाही. आणि शिल्लक असली तरी माइल्ससाठी त्यांचा वेगळा कप्पा असतो. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात भागीदारांना मिळणाऱ्या बिझनेसच्या अवॉर्ड सीटच्या कप्प्याचं अक्षर आहे ‘आय’, इकॉनॉमीचं ‘एक्स’. त्या कप्प्यात शून्य असेल तर कस्टमर केअरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. त्याच्या हातात काही नसतं.

भागीदारांचा मुद्दाही चुकीचा आहे. तुम्ही एका कंपनीचे माइल्स वापरून दुसरीच्या विमानात बसता, तेव्हा पहिली दुसरीला आपसात ठरलेली रक्कम देते आणि ती रोख भाड्याच्या मानाने बरीच कमी असू शकते. म्हणून चांगल्या सीटा कंपन्या आधी स्वतःच्या सभासदांना देतात. सिंगापूर एअरलाइन्सची लांब पल्ल्याची बिझनेस क्लास भागीदारांना सहसा मिळतच नाही. उलटाही त्रास आहे: भागीदाराच्या वेबसाइटवर कधी नसलेली सीट दिसते, कारण तिथली माहिती शिळी असते. पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन किंवा फोन करून खात्री केल्याशिवाय ट्रान्सफर करू नका.

कुकीजचं थोडक्यात: उपलब्धता कंपनीच्या आरक्षण प्रणालीतून येते, तुमच्या ब्राउझरमधून नाही. सीट गेली म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घेतली, अंदाज बदलला किंवा ती मुळात नव्हतीच. रोज शोधा, बिनधास्त शोधा.

‘फुकट’ हा शब्द तर काढूनच टाकायला हवा. कर भरावेच लागतात आणि काही कंपन्या वर स्वतःचा अधिभारही लावतात. लंडनहून बिझनेसमध्ये परत येताना ब्रिटन सरकारचा प्रवासी कर इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. रोख भाडं, आणि माइल्स अधिक कर, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. इकॉनॉमीत कधीकधी रोख तिकीटच परवडतं.

पुणेकरांना मेसेजने न सांगितलेली एक अडचण उरते. पुण्याहून दिल्लीमार्गे लंडन असं एकत्र शोधलं, तर दोन्ही टप्प्यांवर अवॉर्ड सीट असावी लागते. पुणे-दिल्लीची नसेल तर स्क्रीनवर ‘उपलब्ध नाही’ एवढंच येतं, आणि दिल्ली-लंडनची सीट असूनही तुम्हाला कळत नाही. म्हणून दिल्लीहून आणि मुंबईहून वेगवेगळं शोधा. दिल्लीपर्यंतचं तिकीट स्वतंत्र काढलंत, तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघालेलं विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी पुढची कंपनी घेत नाही. तेव्हा आदल्या दिवशीच दिल्लीत मुक्कामाला जा.