गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडू नका

‘पन्नाशीनंतर गुडघ्यातलं वंगण संपतं. चालाल तितके गुडघे झिजतील. आंबट बंद करा. आमची बाभळीच्या शेंगांची पावडर २१ दिवस घ्या, वंगण परत येईल. ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे.’

हा मेसेज व्हॉट्सॲपवर कितीतरी वेळा आला आणि मी तो सोडून दिला. आता कळलं की तो वाचून मावशीने सकाळचं फिरणं बंद केलंय आणि पावडरही मागवलीय. तिला मधुमेह आहे. म्हणून हे लिहायलाच हवं.

वंगणाचं आधी. गुडघ्यातला द्रव टाकीतल्या तेलासारखा संपत नाही, सांध्याचं अस्तर तो सतत तयार करत असतं. झिजेच्या संधिवातात तो पातळ होतो, एवढं खरं. पण सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढलेला असतो. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ म्हणतात ते हेच. मुख्य बिघाड हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, म्हणजे कूर्चेत (कार्टिलेज) होतो. पोटात गेलेली पावडर पचते, ती गुडघ्यात जाऊन वंगण होत नाही. आणि दुखत नसेल तर गुडघ्याच्या नुसत्या कटकट आवाजाला घाबरायचं कारण नाही.

‘चालू नका’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि त्यातूनच द्रवातलं पोषण तिच्यात शिरतं. माणूस बसून राहिला की हे मंदावतं. मांडीचे स्नायू बारीक होतात, सांध्याला आधार उरत नाही, दुखणं वाढतं, मग माणूस आणखी कमी चालतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरच्या ५४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायामाने दुखणं कमी होतं असंच दिसलं. २०२४ च्या मोठ्या आढाव्यात हा फायदा थोडा कमी भरला. पण चालणं सोडा, असं त्यातही कुठे नाही. दुखेल त्या दिवशी अंतर कमी करा, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी घ्या, उकिडवं बसणं टाळा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, सावकाश खाली आणायचा. हा व्यायाम घरात कुणालाही जमतो. वजन जास्त असेल तर ते उतरवा. २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं आढळलं.

आता पावडर. बाभळीच्या शेंगेशी माझं भांडण नाही, भांडण आहे बिनलेबलच्या पुडीशी. अशा ‘नैसर्गिक’ औषधांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचं वारंवार उघड झालंय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला. त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. चार दिवसांत जादूसारखा आराम पडतो तेव्हा हीच शंका आधी घ्यावी. मधुमेह असलेल्याची साखर स्टेरॉइडमुळे बेफाम वाढते. बरेच आठवडे अशी पुडी घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

आंबटाचं काय? चिंचेने किंवा टोमॅटोने कूर्चा झिजते याला आधार नाही.

ऑपरेशनच्या धंद्याबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. कृत्रिम गुडघ्यांच्या किमती इतक्या फुगवलेल्या होत्या की ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. केवळ एक्स-रे दाखवून कुणी तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. पण व्यायाम, वजन, औषधं सगळं नीट करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर ‘धंदा आहे’ म्हणून वर्षानुवर्षं टाळण्यातही नुकसान आहे. तोवर पाय वाकतो, स्नायू जातात, आणि मग ऑपरेशन करूनही हवी तेवढी हालचाल परत मिळत नाही.